पोलादाला पीळ, यंत्राला लगाम

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण एखाद्या हेकट माणसाबद्दल म्हणतो. माझ्या गॅरेजमध्ये सुंभाच्या जागी पोलादाची कांब असते. ती जळत नाही, पण अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. आणि पीळ नको तिथे बसला तर तो खरोखरच जात नाही. गेली चार वर्षं मी हा पीळ नीट बसवणारं एक घरगुती यंत्र बनवतोय, मोडतोय आणि पुन्हा बनवतोय. त्यातली शेवटची मोठी सुधारणा एका हातमोज्यामुळे करावी लागली. हातमोज्यात त्या वेळी माझा हात होता. तिथपर्यंत येऊच, पण आधी मुळात कांबीला पीळ द्यायचा कशाला, ते पाहू.

दिवसा मी प्रयोगशाळेत धातूंचे नमुने ताणून तोडतो, हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. संध्याकाळी ओहायोतल्या घराच्या गॅरेजमध्ये स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतो. तुम्ही दुकानात किंवा चित्रात ‘दमास्कस’ नावाच्या सुऱ्या पाहिल्या असतील. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असते. इथे एक गोंधळ आधीच दूर करतो. इतिहासातल्या प्रसिद्ध दमास्कस तलवारी वूट्झ नावाच्या मुशीतल्या पोलादापासून बनत. हे पोलाद दक्षिण भारतातून निर्यात होत असे. त्यातली नक्षी थरांची नव्हती. पोलाद थंड होताना आणि ठोकताना त्यातली कार्बाइडं ओळीनं मांडली जात, त्यातून ती उमटे. आजच्या सुऱ्यांवरची नक्षी मात्र दोन वेगळ्या पोलादांचे थर एकमेकांना ठोकून जोडल्यामुळे येते. ही कलाही जुनीच आहे. इंग्लंडमध्ये सटन हू इथे १९३९ साली सापडलेली सातव्या शतकातली तलवार, जी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिचं पातं पिळलेल्या कांबी शेजारी शेजारी जोडून घडवलेलं आहे. अमेरिकेत या कामाला पुन्हा चालना मिळाली ती बिल मोरन या लोहारामुळे. त्यांनी १९७३ मध्ये अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या.

थर कसे करतात? चिरोटे आठवा. पोळी, साटा, पोळी, साटा. मी पोळीच्या जागी १०८४ नावाचं पोलाद घेतो. त्यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन असतो. साट्याच्या जागी १५एन२०, ज्यात सुमारे दोन टक्के निकेल असतं. पट्ट्यांचा गठ्ठा रचायचा, टाकणखार टाकायचा म्हणजे भट्टीत धरणारी खपली वितळून वाहून जाते, आणि पिवळाधमक तापला की ठोकायचा. थर एकजीव होतात. पातं तयार झाल्यावर फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की निकेलवालं पोलाद चकचकीत राहतं, दुसरं काळवंडतं. नुसते सपाट थर असतील तर पात्यावर फारसं काही दिसत नाही, कारण वरून आपल्याला एकच पोळी दिसते. थरांच्या कडा वर याव्या लागतात. त्यासाठी पीळ.

पिळाची भूमिती गमतीदार आहे. २५ मिलिमीटर व्यासाची कांब घ्या आणि दर ५० मिलिमीटरला एक पूर्ण फेरा द्या. पृष्ठभागावरची सरळ रेघ आता मळसूत्रासारखी फिरते आणि १.८६ पट लांब होते. दर २५ मिलिमीटरला एक फेरा दिलात तर ३.३ पट. पण कांबीच्या मधोमध, अक्षावर असलेला धागा जागच्या जागी फिरतो, त्याला काहीच होत नाही. म्हणजे बाहेर प्रचंड ओढाताण आणि आत शांतता. म्हणूनच पिळलेली कांब चपटी करून घासायला घेतली की वरच्या थरात तिरप्या रेघा दिसतात, आणि मध्याकडे घासत गेलं की त्याच रेघा वळून चांदण्यांसारख्या आकृत्या होतात. किती घासलं यावर नक्षी ठरते. चौकोनी कांबीचे कोपरे अक्षापासून सर्वांत लांब, म्हणून त्यांची ओढाताण जास्त; शिवाय ते लवकर थंडही होतात. तडे तिथूनच सुरू होतात. पिळायच्या आधी कोपरे ठोकून मोडून घ्यावेत, हा नियम मी एक कांब वाया घालवून शिकलो.

(तुमच्या गावाकडचं घर साठ ते नव्वदच्या दशकातलं असेल, तर स्लॅबमध्ये बहुधा ‘टोर’ सळई असेल. तीही पिळलेलीच, पण थंड असताना. थंड पोलाद पिळलं की ते कडक होतं, ताकद वाढते. तोच हेतू. पुढे टीएमटी सळयांनी तिची जागा घेतली. आपण पिळतो ते तापलेलं पोलाद. त्यातले कण पिळता पिळताच नव्याने घडत राहतात, त्यामुळे कडकपणा साठत नाही. आपल्याला ताकद नको आहे, नक्षी हवी आहे.)

आता यंत्राकडे. माझं पहिलं यंत्र म्हणजे मी स्वतः. कांबीचं एक टोक टेबलावरच्या शिकंज्यात, दुसऱ्या टोकाला ६० सेंटिमीटरचा पाइप पाना. पाना मला शेजाऱ्यांनी दिला. ते निवृत्त पाइपफिटर आहेत आणि माझ्या पीएचडीचा त्यांच्यावर कधीच काही परिणाम झालेला नाही.

किती जोर लागतो याचं ढोबळ गणित करू. पूर्णपणे लवचिकतेच्या पलीकडे गेलेली चौकोनी कांब पिळायला लागणारा टॉर्क म्हणजे पोलादाची कातरबलाला विरोध करण्याची ताकद, गुणिले बाजूचा घन, भागिले तीन. अकराशे अंशांना, सावकाश पिळताना, ही ताकद सुमारे ३० मेगापास्कल धरू. बाजू २५ मिलिमीटर. उत्तर येतं साधारण १५६ न्यूटन-मीटर. पान्यावर अक्षापासून अर्ध्या मीटरवर हात असेल तर ३२ किलोचं वजन टांगल्याइतका जोर. जमतं. पण नऊशे अंशांना पोलादाची ताकद अंदाजे दुप्पट होते: ३१२ न्यूटन-मीटर, म्हणजे ६४ किलो. तिथे माझे हात नाही म्हणतात. हे ‘नाही’ लक्षात ठेवा. चार वर्षांत मी जे शिकलो त्याचं मूळ त्यात आहे.

अकराशेवरून नऊशेला यायला किती वेळ लागतो? तापलेली कांब मुख्यतः प्रारणाने उष्णता गमावते, आणि प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. २५ मिलिमीटरच्या कांबीसाठी हिशोब केला तर सुरुवातीला सेकंदाला पाच-साडेपाच अंश, नऊशेच्या आसपास तीन अंश. एकूण पाऊण मिनिट. तेवढ्यात भट्टीतून काढायची, शिकंज्यात धरायची, पाना लावायचा आणि सहा फेरे द्यायचे. पाना प्रत्येक पाव फेऱ्याला काढून पुन्हा लावावा लागतो. एका तापावर मला जेमतेम दोन फेरे मिळत.

म्हणून दुसरं यंत्र. भंगारात एका कन्व्हेयरचा ६० ला १ असा वर्म गिअरबॉक्स मिळाला. त्याला एक अश्वशक्तीची मोटर जोडली. इथे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे मोटर मिनिटाला १७२५ फेरे घेते. आपल्याकडे तशीच मोटर १४४० च्या आसपास घेईल. गिअरबॉक्सनंतर साखळी आणि ३ ला १ चाकं. शेवटी मिनिटाला साडेनऊ-दहा फेरे. वर्म गिअरमध्ये घर्षणात बरीच शक्ती जाते, ६५ टक्के हाती लागते असं धरलं तरी ४६० न्यूटन-मीटर. कांब धरायला जाड पाइपचा तुकडा, त्यात चारी बाजूंनी चार बोल्ट. भिंतीवर साधा चालू-बंद बटणाचा स्विच. मी खूश होतो.

पहिल्या महिन्यात तीन गोष्टी झाल्या.

एक, पीळ सगळीकडे सारखा बसेना. मधे घट्ट, टोकांना सैल. कारण समजून घेण्यासारखं आहे. कांब म्हणजे एकामागोमाग एक जोडलेली साखळी समजा. दोन टोकांमध्ये टॉर्क प्रत्येक छेदावर तोच असतो. त्यामुळे जिथे पोलाद सर्वांत मऊ, तिथेच ते पिळतं. आता फक्त ५० अंशांचा फरक घ्या. वरच्या हिशोबाने थंड भागाची ताकद सुमारे १९ टक्के जास्त. तुम्हाला वाटेल पिळातही तेवढाच फरक पडेल. पण तापलेलं पोलाद घट्ट पाकासारखं वागतं: जोर थोडासा वाढवला की वाहण्याचा वेग कितीतरी वाढतो. नेहमीचे आकडे घातले तर १९ टक्क्यांच्या फरकाने पिळण्याचा वेग तिप्पट होतो. डोळ्यांना दोन्ही भाग नारिंगीच दिसतात आणि एक दुसऱ्याच्या तिप्पट पिळतोय! यावर मोटर मोठी करणं हा उपाय नाही. कांब भट्टीत पाच मिनिटं जास्त ठेवून उलटसुलट करणं, आणि मागे राहिलेल्या भागावर गॅसची ज्योत फिरवणं, हे उपाय आहेत.

दोन, कांब वाकू लागली. दोन्ही टोकं पक्की धरलेली आणि कांब मात्र निवत आखडते. ४०० मिलिमीटरची कांब चारशे अंशांनी निवली तर तीन मिलिमीटरच्या आसपास आखडते. उलट ज्योतीने तापवली तर प्रसरण पावून धनुष्यासारखी बाक काढते. शिवाय नुसत्या पिळण्यानेही लांबी बदलते. स्विफ्ट यांनी १९४७ मध्ये दाखवलं की थंड धातूची कांडी लवचिकतेच्या पलीकडे पिळली की ती किंचित लांबते. तापलेल्या, थरांच्या कांबीचं गणित आणखी गुंतागुंतीचं. कारण काहीही असो, कांबीला लांबीच्या दिशेने मोकळीक हवी.

तीन, आणि हे मनाला लागलं. आठ संध्याकाळी खपून केलेली चौसष्ट थरांची कांब यंत्राने फाडली. मी रंग पाहत होतो, बोलत होतो, आणि कांब थंड होत गेली. हाताने पिळताना पाना अडला असता. मोटर अडली नाही. तिच्याकडे ४६० न्यूटन-मीटर होते, आणि अशा मोटरी क्षणभर त्याच्या दुपटीपर्यंतही जातात. थरांमध्ये कुठेतरी अडकलेली खपली होती, सांधा तिथे उघडला आणि वर्तमानपत्राची सुरळी सुटावी तसे थर सुटले. हातांची जागा मी मोटरला दिली होती, पण हातांमधली संवेदना दिली नव्हती. दिवसभर प्रयोगशाळेत ज्या यंत्रावर काम करतो त्यात भार मोजणारा संवेदक असतो, मर्यादा ओलांडली की ते थांबतं, समोर तळहाताएवढं लाल बटण असतं. घरी यातलं काही मला सुचलं नाही. घरच्या यंत्राला आपण यंत्र मानतच नाही, ही खरी अडचण.

हे कळूनही मी दुरुस्ती पुढे ढकलली. मग हातमोजा.

मी ज्योत फिरवत होतो. डाव्या हातात सैल चामडी मोजा. त्याची कड बाहेर आलेल्या बोल्टच्या डोक्यात अडकली. मिनिटाला दहा फेरे ऐकायला संथ वाटतात. पण ते सेकंदाला साठ अंश होतात. मला कळून मी ओरडेपर्यंत एक सेकंद, शेजाऱ्यांनी प्लग ओढेपर्यंत आणखी एक. तोवर मोजा पाइपभोवती तिसरा हिस्सा फेरा गुंडाळला गेला होता आणि मनगट त्याबरोबर. बोल्ट अक्षापासून ६० मिलिमीटरवर होता. ४६० न्यूटन-मीटर भागिले ०.०६ केलं तर पाऊण टनाहून जास्त जोर येतो. मोजा सैल होता म्हणून तो जोर माझ्या हाडापर्यंत पोहोचला नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. यंत्र बंद झालं, आणि मी तसाच अडकून राहिलो. वर्म गिअर मोटरकडून फिरतो, पण एवढ्या मोठ्या गुणोत्तराचा असेल तर दुसऱ्या बाजूने ढकलून तो फिरत नाही. स्वतःला कुलूप लावतो. लिफ्ट आणि उचलयंत्रांत हा त्याचा गुण मानतात. माझ्या यंत्रात उलट फिरवायची सोयच नव्हती. तापलेली कांब माझ्या मनगटापासून वीतभर अंतरावर. शेजाऱ्यांनी पत्रा कापायची कात्री आणून मोजा कापला. हाताला सहा आठवडे पट्टा आणि कोपराखाली भाजल्याची खूण. ते एवढंच म्हणाले की पाइपफिटर फिरत्या यंत्रावर मोजे घालत नाहीत. हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं.

तिसरं यंत्र याच सगळ्यातून झालं. तुम्ही असं काही बनवणार असाल तर कोणत्या क्रमाने खर्च करावा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मोटरवर सर्वांत शेवटी.

सर्वांत जास्त फायदा झाला तो फुकटातल्या बदलाचा. चार बोल्ट काढून टाकले. त्यांच्या जागी आत किंचित निमुळता होत जाणारा चौकोनी खोबणीचा गुळगुळीत ठोकळा, बाहेर काहीही न आलेला. कांबीची टोकं मुद्दाम चौकोनी ठेवायची आणि नुसती सरकवायची. बोल्ट आवळायला वीस सेकंद लागत; पाऊण मिनिटातले वीस! आता पाच लागतात. वाचलेल्या पंधरा सेकंदांत अडीच फेरे होतात. म्हणजे दुप्पट अश्वशक्ती न घेता एका तापावर सहा फेरे बसू लागले. दुसऱ्या टोकाचा ठोकळा दोन रुळांवर ठेवला. तो फिरत नाही, पण मागेपुढे सरकतो. वाकण्याचा त्रास त्याच दिवशी संपला.

मग नियंत्रण. मोटर बदलून तीन फेजची घेतली आणि तिच्यापुढे वारंवारता बदलणारा ड्राइव्ह लावला. घरच्या एका फेजवर तो चालतो. वेग कमीजास्त करता येतो, उलट फिरवता येतं, आणि मोटर किती टॉर्क देतेय याचा अंदाज त्याला विजेच्या प्रवाहावरून असतो. तिथे मी कांबीपाशी २५० न्यूटन-मीटर पडतील अशी मर्यादा घातली. मोठ्या पान्याला वजनकाटा अडकवून ती तपासून घेतली. हा आकडा कुठून आला? आपल्याच सूत्रातून: २५ मिलिमीटरच्या कांबीत २५० म्हणजे ४८ मेगापास्कल, म्हणजे साधारण ९६० अंश. त्याहून कांब थंड झाली की यंत्राला ती पिळताच येत नाही. टॉर्कची मर्यादा हाच तापमापक झाला. मात्र कांबीची बाजू बदलली की मर्यादाही बदलायला हवी, आणि तिथे घन आहे. २० मिलिमीटरच्या कांबीला तीच मर्यादा ठेवलीत तर ती जवळजवळ दुप्पट सैल होते. माझ्याकडे भिंतीवर खडूने लिहिलेला तक्ता आहे.

ही मर्यादा कांबीला वाचवते, हाताला नाही. २५० न्यूटन-मीटरही ६० मिलिमीटरवर चारशे किलोहून जास्त होतात. हातासाठी वेगळ्या गोष्टी लागतात: पायाखालचं पेडल, जे दाबून धरलं तरच यंत्र फिरतं आणि पाय उचलला की थांबतं, ड्राइव्हचीही वीज तोडणारं लाल बटण, उलट फिरवायचं वेगळं बटण, डाव्या हाताने आणि उजव्या हातानेही पोहोचेल असं, फिरत्या ठोकळ्यावर पत्र्याचं झाकण. ड्राइव्हमध्ये वीज गेली आणि परत आली तर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती बंद केली. लाल बटण दाबल्यावर उलट फिरवता येत नाही, हे विसरू नका. म्हणून अडकल्यावर आधी पाय उचलायचा, मग उलट. आम्ही दोघांनी हे जुना मोजा अडकवून दहा वेळा करून पाहिलं. आत हात न घालता, अर्थातच. ज्योत आता एका स्टँडवर असते, आणि यंत्र चालू असताना माझे हात उघडे आणि लांब असतात.

नव्या यंत्रावरच्या पहिल्या कांबीला सहा फेरे द्यायचे होते. चौथ्या फेऱ्यानंतर यंत्र थांबलं. पेडल दाबलेलं, ड्राइव्हवर मर्यादेचा दिवा. मला कांब चांगली नारिंगी दिसत होती. मी म्हटलं, जोडणीत काहीतरी चुकलं. शेजारी उठले आणि त्यांनी गॅरेजचे दिवे घालवले. अंधारात कांबीचा डावीकडचा तिसरा हिस्सा गडद लाल होता. ट्यूबलाइटच्या उजेडात मी इतके दिवस तोच रंग नारिंगी समजत होतो. कांब पुन्हा भट्टीत ठेवली. उरलेले दोन फेरे आम्ही अंधारात दिले.